मेरी डिसोझा : साष्टीच्या एका धांवपटु कन्येची कथा

धर्मग्रामाचा ज्युबिली-महोत्सव म्हणजे मागें वळून पाहण्याचा प्रसंग. मंदिर कोणीं बांधिलें, घंटा कोणीं अर्पण केली, शाळेचा पाया कोणीं घातला, ह्या गोष्टी अशा समयीं आदरानें आठविल्या जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु समाजाचा इतिहास दगडविटांतच सामावत नाहीं. ह्यास्तव आम्ही ह्या पानांत एका स्त्रीची कथा वाचकांपुढें ठेवीत आहों. त्या भाईंदरच्या नव्हेत, वांद्र्याच्या. परंतु वांद्रें आणि भाईंदर हीं एकाच साष्टी बेटावरचीं गांवें; दोहोंस जोडणारा लोहमार्ग एक आणि दोहोंची श्रद्धाहि एकच. म्हणून मेरी डिसोझा ह्यांना आपल्या म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे, असें आम्ही समजतों.

मेरी डिसोझा ह्यांचा जन्म १९३१ सालचा. मुलींनीं मैदानावर उतरावें कीं नाहीं, हाच मुळीं त्या काळीं वादाचा विषय होता, आणि तो वाद केवळ आपल्याकडेच होता असें नव्हे. १८९६ सालीं अथेन्स येथें अर्वाचीन ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हां त्यांत एकाहि स्त्रीस प्रवेश नव्हता. धांवण्याच्या शर्यती स्त्रियांस प्रथम खुल्या झाल्या त्या १९२८ सालीं, ॲम्स्टरडॅम येथें. आणि त्यांतीलहि ८०० मीटरची शर्यत स्त्रियांच्या प्रकृतीस झेपणारी नाहीं म्हणून जी काढून टाकिली, ती १९६० पर्यंत परत आली नाहीं. बास्केटबॉलची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. जेम्स नेस्मिथ ह्यांनीं अमेरिकेंत तो खेळ १८९१ सालीं काढिला, आणि पुढच्याच वर्षीं सेंडा बेरेन्सन ह्या शिक्षिकेनें स्मिथ कॉलेजांतील मुलींस तो शिकविला. म्हणजे मुली हा खेळ जवळजवळ त्याच्या जन्मापासून खेळत आल्या. तरीहि ऑलिंपिकमध्यें पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ सालीं आला आणि स्त्रियांचा १९७६ सालीं. स्त्रियांच्या हॉकीस तर १९८० पर्यंत थांबावें लागलें.

हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, मेरी डिसोझा ह्या हॉकीच्याहि उत्तम खेळाडू होत्या. परंतु त्यांच्या उमेदीच्या काळांत हॉकी किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीस ऑलिंपिकचें द्वार बंद होतें. उघडें होतें तें धांवणाऱ्या मुलीस. त्या द्वारानें त्या आंत गेल्या.

मार्च १९५१ मध्यें नवी दिल्ली येथें पहिले आशियाई सामने भरले. तेथें रोशन मिस्त्री ह्यांनीं १०० मीटरच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविलें, तर मेरी डिसोझा ह्यांना २०० मीटरमध्यें कांस्यपदक लाभलें. शिवाय चार जणींनीं हातोहात काठी देऊन धांवावयाच्या रिले शर्यतींतहि त्या रौप्यपदकाच्या वांटेकरी झाल्या.

पुढच्या वर्षीं हेलसिंकी येथील ऑलिंपिकसाठीं त्यांची निवड झाली. निवड झाली, पण प्रवासखर्चाची सोय झाली नाहीं! कुटुंब मोठें, एवढा पैसा घरांत कोठून असणार? तेव्हां स्नेहीमंडळी पुढें झाली. पत्त्यांचा व्हिस्ट ड्राइव्ह आणि नाच असा कार्यक्रम भरवून त्यांनीं पैसा उभारण्यास आरंभ केला, आणि मुंबई सरकारकडूनहि साहाय्य मिळालें. त्याच वर्षीं सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वरचे पहिलवान खाशाबा जाधव ह्यांचीहि हीच स्थिति होती. त्यांच्यासाठीं लोकांनीं वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनीं स्वतःचें घर गहाण टाकिलें. जाधव कुस्तींत कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मेरी डिसोझा ह्यांना हेलसिंकीस पदक मिळालें नाहीं. १०० आणि २०० मीटर ह्या दोन्हीं शर्यतींत त्या पहिल्या फेरीपुढें गेल्या नाहींत. परंतु त्या वर्षीं चार स्त्रिया प्रथमच स्वतंत्र भारतातर्फे ऑलिंपिकमध्यें उतरल्या : धांवपटु निलिमा घोष व मेरी डिसोझा, आणि जलतरणपटु डॉली नझीर व आरती साहा. ह्यांपैकीं आरती साहा तेव्हां अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांनींच पुढें १९५९ सालीं इंग्लिश खाडी पोहून पार केली. पहिली पायवाट पाडणाऱ्याच्या पदरीं फळ पडतेंच असें नाहीं. पण मागून येणाऱ्यांस वाट मिळते.

मेरी डिसोझा मात्र हरून घरीं बसल्या नाहींत. १९५३ सालीं इंग्लंडांतील फोकस्टन येथें स्त्रियांची आंतरराष्ट्रीय हॉकी-स्पर्धा झाली, तेव्हां भारताच्या संघांत त्या होत्या. १९५४ सालीं मनिला येथील आशियाई सामन्यांत स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राउन ह्यांच्यासह त्यांनीं रिले शर्यतींत सुवर्णपदक जिंकिलें. ह्या यशाची थोरवी कळण्यास एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, आशियाई सामन्यांत धांवण्याच्या शर्यतींत एकट्या भारतीय स्त्रीनें सुवर्णपदक मिळविण्यास १९७० साल उजाडावें लागलें. तें कमलजित संधू ह्यांनीं मिळविलें. १९५६ सालीं मेरी डिसोझा भारताच्या हॉकी-संघाबरोबर ऑस्ट्रेलियासहि गेल्या. दोन निरनिराळ्या खेळांत देशाचें प्रतिनिधित्व करणें हा मान थोड्यांसच लाभतो.

सरकारनें ह्या कार्याची दखल ध्यानचंद पुरस्कार देऊन घेतली, ती २०१३ सालीं. म्हणजे हेलसिंकीनंतर एकसष्ट वर्षांनीं. सत्कारास विलंब झाला, हें खरें. परंतु आमच्या मतें ह्या कथेंतील शिकण्यासारखी गोष्ट सत्काराची नसून वर्गणीची आहे. ज्यांनीं त्या नाचाचें तिकीट घेतलें, त्यांचीं नांवें कोणत्याहि पदकावर कोरलेलीं नाहींत. तथापि एकवीस वर्षांच्या एका मुलीस परदेशीं धाडण्यांत त्यांचाहि हात होता.

संत पौलानें श्रद्धावंताच्या जीवितास शर्यतीची उपमा दिली आहे, हें आपण प्रवचनांतून पुष्कळदां ऐकतों. तीच उपमा आपल्या मुलींच्या बाबतींत आपण किती मानतों, ह्याचा ह्या महोत्सवाच्या वेळीं प्रत्येकानें विचार करावा. मिठागरें, भातशेती आणि मासेमारी ह्यांवर जगलेल्या ह्या गांवांचें २००२ सालीं महानगर झालें. जेथें मोकळी जमीन होती तेथें इमारती उभ्या राहिल्या, आणि खेळावयास जागा हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. शाळेंत असतां चपळ म्हणून नांवाजलेली मुलगी दहावीनंतर खेळ सोडून देते. कधीं शिकवणीसाठीं, कधीं घरकामासाठीं, कधीं जोड्यांना व गाडीभाड्याला पैसे नाहींत म्हणून. तिच्या भावास मात्र सायंकाळीं मैदानावर जाण्याची मुभा असते.

ह्यास्तव आमची नम्र सूचना अशी कीं, ज्युबिलीनिमित्त जमणाऱ्या निधीचा एक लहानसा वांटा धर्मग्रामांतील खेळाडू मुलींसाठीं राखून ठेवावा. चेंडू, जोडे आणि स्पर्धेस जाण्याचें भाडें, एवढ्यानेंहि पुष्कळ होईल. आणि सायंकाळचा एक तास चर्चचें आवार त्यांना खुलें असावें. त्यांपैकीं कोणी ऑलिंपिकला जाईल किंवा जाणार नाहीं. पण पैशाअभावीं घरीं राहिली असें आपल्या एकाहि मुलीविषयीं म्हणण्याची वेळ येऊं नये.