निओमायसिन : मारकापासून वाहकापर्यंत

उमरखेडच्या औषध दुकानातही जखमेवर टाकायची निओस्पोरिन पूड मिळते. तिच्यातील एक घटक म्हणजे निओमायसिन. हे प्रतिजैविक १९४९ मध्ये अमेरिकेत वॅक्समन व लेशेव्हालिए यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून मिळवले. पहिल्या पावसात काळ्या मातीला येणारा गंध ही याच कुळातील जीवाणूंची देणगी! पण निओमायसिन टोचून दिल्यास मूत्रपिंडाला इजा होते, बहिरेपणही येते. म्हणून ते मुख्यतः वरून लावतात.

बहिरेपण का येते, याचा शोध १९७० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात योखेन शाख्ट घेत होते. पेशीपटलात फॉस्फोइनोसिटाइड नावाचे मेद असतात. त्यांच्या फॉस्फेट गटांवर ऋण भार असतो, तर निओमायसिनच्या अमिनो गटांवर धन भार. त्यामुळे दोघांची घट्ट जोडी जमते, असे त्यांना आढळले. बहिरेपणाची इतर कारणेही पुढे कळली. पण ही पकड खरी ठरली.

हे मेद साधे नव्हेत. १९५३ मध्ये मेबल व लॉवेल होकिन यांनी कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांना अ‍ॅसिटिलकोलिन दिले, तेव्हा पटलातील मेदांत किरणोत्सारी फॉस्फरस झपाट्याने शिरू लागला. त्याचा अर्थ १९८३ मध्ये अधिक स्पष्ट झाला. फॉस्फोइनोसिटाइड फुटून निघणारा एक छोटा रेणू पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळे करतो. म्हणजे हे मेद पेशीचे निरोपे आहेत.

निरोप्याचे काम तपासायचे, तर तो बाहेरून पेशीत सोडून पाहायला हवा. पण भारित रेणूला पटलाचा तेलकट थर ओलांडता येत नाही. सुईने टोचावे, तर एका वेळी एकच पेशी!

२००० मध्ये ओझाकी, प्रेस्टविच व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील युटा राज्यात यावर तोड काढली. त्यांनी हे मेद निओमायसिनसारख्या धनभारित रेणूंत किंवा हिस्टोन प्रथिनात आधी मिसळले. ऋण भार झाकला गेला आणि जोडी जिवंत पेशींत शिरली. चकाकणारी खूण लावलेला मेद सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या आत दिसला. जी पकड घातक वाटली होती, तीच वाहक ठरली.

मात्र वाहक स्वतःही पेशीतल्या मेदांना धरू शकतो. म्हणून अशा प्रयोगात तीन बश्या लागतात : एकीत फक्त मेद, दुसरीत फक्त वाहक, तिसरीत दोन्ही. यांतली दुसरी बशी वगळली तर निष्कर्ष कुठे फसेल, हे विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे.