ज्ञात राशीलाही अक्षर मिळाले

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात (इ.स. ११५०) अज्ञात राशींना ‘यावत्तावत्’, ‘कालक’, ‘नीलक’ अशा संज्ञा आहेत, सहगुणक मात्र अंकांतच येतात. वर्गसमीकरण सोडवण्याची श्रीधराचार्यांची रीत सार्वत्रिक होती, पण ती शब्दांत सांगितलेली. प्रत्येक उदाहरणात ती नव्याने चालवावी लागे.

१५९१ साली फ्रान्समध्ये फ्रांस्वा व्हिएत याने अज्ञातांसाठी स्वर आणि ज्ञातांसाठी व्यंजने योजली. ज्ञात मानलेली, तरी मूल्य न ठरवलेली राशी समीकरणात आली. तिलाच आज ‘प्रचल’ म्हणतात.

आजच्या लेखनपद्धतीत क्ष² + २क्ष + म = ० घ्या. म १ पेक्षा लहान असल्यास दोन वास्तव मुळे, १ असल्यास एकच, मोठा असल्यास एकही नाही. अगणित समीकरणांचा निवाडा एका ओळीत होतो, तोही अंक घालण्यापूर्वीच.