जामीनदार कधी मागावा?

मित्राच्या बाईक-लोनवर तुमची 'फक्त एक सही' हवीय? थांबा, आधी हे ऐका.

1872 चा करार कायदा, कलम 128: करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. तीनच वर्षांनी, मे 1875 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. कागद पक्का होता, पण फेडायला पैसाच नव्हता.

1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याने खेड्यातल्या संस्थांत सभासदांवर अमर्याद जबाबदारी टाकली. का? तर कोण कर्ज फेडेल, हे गावातल्याच माणसांना नेमकं माहीत.

म्हणजे कमाई आहे पण नोंद नाही, तिथे जामीनदार मागणं रास्त. हप्ता झेपणारच नसेल, तर कर्जच नको. नाहीतर एकाऐवजी दोन घरं बुडतात.