सारखं दिसत राहिलं की माणूस आवडायला लागतो? हे निम्मंच खरं आहे

मित्रांच्या ग्रुपवर कुणी "ती भावच देत नाही रे" असं टाकलं की खाली ठरलेला सल्ला येतो. हार मानू नको, रोज तिच्या नजरेसमोर राहा, स्टोरीला रिप्लाय देत राहा, सवय झाली की आपोआप आवडायला लागशील. सल्ला देणाऱ्यानं मानसशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नसतं. पण गंमत अशी की या सल्ल्याच्या पोटात खरंखुरं संशोधन आहे. घोळ असा की ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे समोरच्या माणसाचं जगणं मुश्कील होतं.

तर आधी यातला खरा भाग बघू.

लग्नाच्या गाठी पाच ब्लॉकच्या आत

जेम्स बोसार्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया शहरातले लग्नाच्या परवान्यासाठी आलेले ५,००० अर्ज काढले आणि त्यावरचे नवरा-नवरीचे पत्ते तपासले. १९३२ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. एक तृतीयांशाहून जास्त जोडप्यांची घरं एकमेकांपासून पाच ब्लॉकच्या आत होती. म्हणजे स्वर्गात गाठी बांधणाऱ्याने बहुतेक वेळा आसपासच्या गल्ल्यांतच शोध घेतला होता.

यावर एक शंका येते. एका वस्तीत राहणारी माणसं साधारण एकाच परिस्थितीतली, एकाच समाजातली असतात. मग जवळ राहण्याचा परिणाम कोणता आणि सारखेपणाचा कोणता, हे कसं ठरवायचं?

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतर मिळालं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपण ज्याला एमआयटी म्हणतो, तिथे युद्धावरून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती. कोणाला कुठलं घर हवं हे निवडता येत नव्हतं, रिकामं होईल ते घर पुढच्या नंबरला मिळायचं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी इथल्या रहिवाशांना विचारलं, तुमची जास्त ऊठबस कोणाशी आहे? १९५० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. एका मजल्यावर पाच घरं असायची. अगदी शेजारच्या घरातल्यांशी मैत्री असण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं, एक घर सोडून पलीकडे २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये १० टक्के. अंतर किती, तर काही पावलांचं.

त्याहून मजेशीर भाग जिन्याचा होता. जिन्याच्या आणि टपालपेट्यांच्या जवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशी जास्त ओळख झाली होती. ते स्वभावाने जास्त बोलके होते असं नाही. येता-जाता त्यांच्या दारावरून लोक जायचे, एवढंच. चाळीत वाढलेल्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. सामाईक नळाजवळच्या खोलीतल्या बाईंना अख्ख्या मजल्याची खबर का असते, याचं हे अमेरिकन उत्तर आहे.

नुसतं दिसणं पुरतं?

यानंतर रॉबर्ट झायन्स. पोलंडमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात काम करणारा मानसशास्त्रज्ञ. १९६८ च्या त्याच्या शोधनिबंधाचा मुद्दा होता की एखादी गोष्ट आवडण्यासाठी तिच्याकडून काही मिळायला हवं असं नाही, ती वारंवार समोर येणंसुद्धा पुरतं. त्याने लोकांना अनोळखी पुरुषांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले, काही एकदा, काही दोनदा, पाचदा, दहादा, काही २५ वेळा. जो चेहरा जास्त वेळा दिसला, तो माणूस आपल्याला आवडेल असं लोकांना जास्त वाटलं. निरर्थक शब्द आणि चिनी लिपीसारखी दिसणारी चिन्हं घेऊनही तेच झालं.

फोटोवर जे जमलं ते खऱ्या माणसावर जमेल का? रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये छापलेला प्रयोग यासाठीच होता. साधारण सारख्या दिसणाऱ्या चार तरुणींना त्यांनी एका कॉलेजच्या वर्गात पाठवलं. एक सत्रभरात १५ वेळा जाऊन बसली, दुसरी १० वेळा, तिसरी ५ वेळा, चौथी एकदाही नाही. कोणाशी बोलायचं नाही अशी सक्त सूचना होती. यायचं, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसायचं, तास संपला की निघून जायचं. सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले. हिला कुठेतरी पाहिलंय असं फारसं कोणी म्हटलं नाही, पण जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली.

याचा एक उपप्रकार तुमच्या फोनमध्येच आहे. १९७७ च्या एका अभ्यासात लोकांना स्वतःच्या फोटोची सरळ आणि उलटी अशा दोन प्रती दाखवल्या. त्यांना स्वतःची आरशातली, म्हणजे उलटी बाजू आवडली, आणि त्यांच्या जवळच्या मैत्रिणीला किंवा जोडीदाराला सरळ. ज्याला जी बाजू रोज दिसते, त्याला ती बरी वाटते. दुसऱ्याने काढलेल्या फोटोत आपला चेहरा विचित्र वाटतो त्याचं एक कारण हे आहे. म्हणून फोटो काढणाऱ्यावर उगाच चिडू नका.

मग ग्रुपवरचा सल्ला चुकला कुठे?

वरच्या प्रयोगांकडे पुन्हा एकदा नीट बघा. झायन्सच्या फोटोतला माणूस अनोळखी होता, त्याच्याबद्दल आधी काहीच मत नव्हतं. वर्गातल्या त्या तरुणींनी कोणाला नंबर मागितला नाही, बसस्टॉपपर्यंत कोणाच्या मागे गेल्या नाहीत, रात्री अकराला "झोपलीस का" असं पाठवलं नाही. त्या फक्त होत्या. कोरी पाटी आणि शून्य मागणी, या दोन अटींवर हा परिणाम उभा आहे.

पाटी कोरी नसेल तर? १९७२ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी चित्रं वापरून हे तपासलं. सुरुवातीला बरी किंवा ठीकठाक वाटलेली चित्रं पुन्हा पुन्हा पाहून जास्त आवडू लागली. सुरुवातीलाच नकोशी वाटलेली चित्रं मात्र बघून बघून आणखी नकोशी झाली.

माणसांचंही तेच. एबे एबसन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलात रहिवाशांना दोन प्रश्न विचारले. तुम्हाला इथे कोण आवडतं, आणि कोण आवडत नाही? १९७६ च्या या अभ्यासात आवडती माणसं जवळ राहणारी निघाली, पण नावडती माणसंही जवळचीच निघाली. कारण उघड आहे. गाडी आडवी लावणारा, रात्री मोठ्याने गाणी लावणारा शेजारीच असतो, चार इमारती पलीकडचा नाही. जवळीक हा नुसता आवाज वाढवणारा खटका आहे. आतमध्ये गाणं वाजत असेल तर गाणं वाढतं, कर्कश काही असेल तर तेच वाढतं.

रील्सवर हमखास दिसणाऱ्या "डेटवर तिला भीतीदायक सिनेमाला घेऊन जा" या टिपेचीही गत अशीच आहे. तिचं मूळ १९७४ च्या प्रयोगात आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक लांबलचक झुलता पूल आहे, खाली सुमारे २३० फूट खोल दरी. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी त्यावर एक तरुणी उभी केली. ती पुरुषांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि "जास्त माहिती हवी असेल तर फोन करा" म्हणून नंबर द्यायची. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. जवळच्या भक्कम, कमी उंचीच्या पुलावर १६ पैकी फक्त २ जणांनी. भीतीने वाढलेली धडधड त्यांनी आकर्षण समजून घेतली, असा अर्थ लावला गेला.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. १९८१ मध्ये ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी काही पुरुषांना जागच्या जागी धावायला लावून त्यांची धडधड वाढवली आणि मग एका तरुणीचा व्हिडिओ दाखवला. ती आकर्षक वाटेल अशी सजली होती, तेव्हा धडधड वाढलेल्यांना ती इतरांपेक्षा जास्त आवडली. तिलाच मुद्दाम अनाकर्षक बनवून दाखवलं, तेव्हा त्यांना ती इतरांपेक्षा जास्त नावडली. धडधडीने नवीन भावना तयार केली नाही, होती तीच फुगवली.

ब्लू टिक आली, रिप्लाय नाही

मग नकार दिसत असूनही माणूस मागे का हटत नाही? एक कारण अनिश्चिततेत आहे. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ४७ विद्यार्थिनींना सांगण्यात आलं की दुसऱ्या कॉलेजातल्या मुलांनी तुमचं फेसबुक प्रोफाइल पाहिलंय. काहींना सांगितलं, ही मुलं तुम्हाला खूप आवडून गेली आहेत. काहींना सांगितलं, ठीकठाक वाटलात. तिसऱ्या गटाला सांगितलं, यांपैकी काहीही असू शकतं. सर्वात जास्त ओढ तिसऱ्या गटाला वाटली, आणि ती मुलं त्यांच्या डोक्यात जास्त वेळ घोळत राहिली.

अभ्यास छोटा आहे आणि त्यात कोणी कोणाला भेटलं नाही, म्हणून "भाव खा, मग पोरी पटतात" असा शोध यातून लावू नये. पण ब्लू टिक, अधूनमधून पडणारं एखादं लाइक, "सीन" होऊन थांबलेला मेसेज, हे सगळं अनिश्चितता तयार करणारं यंत्र आहे हे मात्र पटतं. समोरच्याने फक्त सवयीने स्टोरी पाहिलेली असते. इकडे त्यावर रात्रभर विचार चालू असतो.

दुसरं कारण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. रॉय बाउमायस्टर, सारा वॉटमन आणि आर्लीन स्टिलवेल यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाचा अभ्यास दोन्ही बाजूंनी केला. लोकांकडून दोन गोष्टी लिहून घेतल्या, एक तुम्ही कोणावर प्रेम केलंत आणि ते परत मिळालं नाही ती, दुसरी कोणीतरी तुमच्यावर केलं आणि तुम्हाला ते नको होतं ती. नाकारलेल्यांनी लिहिलं की समोरून इशारे होते, नकार कधी स्पष्ट मिळालाच नाही. नाकारणाऱ्यांनी लिहिलं की आपण इशारे दिले नव्हते, आणि नाहीच म्हटलं होतं. आपल्याला अपेक्षा असते की त्रास प्रेम करणाऱ्यालाच जास्त झाला असेल. पण प्रेम करणाऱ्यांच्या आठवणींत गोडवाही होता. नाकारणाऱ्यांच्या वाट्याला अपराधीपणा, चीड आणि वैताग आला.

या संशोधकांचं एक निरीक्षण आहे. प्रेम करणाऱ्याकडे तयार संहिता असते. सिनेमा, गाणी, कादंबऱ्या त्याला सांगतात की आता काय करायचं, झुरायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, शेवटी जिंकायचं. नाकारणाऱ्यासाठी अशी कुठलीच संहिता नाही. समोरच्याला न दुखावता, स्वतः वाईट न ठरता नाही कसं म्हणायचं, हे कोणत्याच गाण्यात नाही. म्हणून ती "बिझी आहे", "घरी चालत नाही", "नंतर बघू" असं म्हणते, आणि ऐकणारा त्यात होकार शोधत बसतो. व्हेनेसा बोन्स आणि लॉरेन डेव्हिन्सेंट यांच्या २०१९ च्या अभ्यासातही हेच दिसलं, की समोरच्या माणसाला नाही म्हणताना किती अवघडल्यासारखं होतं याचा विचारणाऱ्याला अंदाज नसतो.

आपल्याकडे ही संहिता फारच पाठ आहे. २०१३ मध्ये 'रांझणा' आला तेव्हा नायिकेच्या मागे लागण्याला प्रेम म्हटल्याबद्दल त्यावर टीका झाली होती, पण तशा कथा त्याआधीही होत्या आणि नंतरही आल्या. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात दोन महिलांचा पाठलाग केल्याची कबुली देणाऱ्या एका भारतीय तरुणाच्या वकिलाने कोर्टात थेट बॉलिवूडचा दाखला दिला. आशिलाने सिनेमात हेच पाहिलंय, चिकाटी ठेवली की मुलगी पटते असं त्याला वाटत होतं, असा युक्तिवाद होता. तो तुरुंगात गेला नाही.

दोघांनी बसावं लागतं

जवळीक मुद्दाम वाढवता येते हेही प्रयोगात दिसलंय. कॅपिलानोवाल्या आर्थर ॲरननेच १९९७ मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्या बनवून त्यांना ३६ प्रश्न दिले, सुरुवातीला साधे, पुढे खासगी. पाऊण तासात या जोड्यांना गप्पा मारणाऱ्या इतर जोड्यांपेक्षा जास्त जवळीक वाटली. इंटरनेटवर हे "प्रेमात पाडणारे ३६ प्रश्न" म्हणून फिरतात, प्रयोगाचा हेतू मात्र प्रेम नव्हता, जवळीक होता. त्यातली मेख अशी की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं होतं, आळीपाळीने, आणि दोघंही स्वतःहून तिथे आलेले होते. हेच ३६ प्रश्न एकट्याने कोणाच्या इनबॉक्समध्ये टाकले तर ती चौकशी होते.

कायदा काय म्हणतो?

२०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. १ जुलै २०२४ पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष वारंवार तिच्या मागे जात असेल, संपर्क करत असेल किंवा तसा प्रयत्न करत असेल, तर तो पाठलाग ठरतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि दुसऱ्या वेळचा गुन्हा अजामीनपात्र आहे. तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं याच कलमात येतं. ब्लॉक केल्यावर दुसऱ्या अकाउंटवरून पाठवलेला "फक्त एकदा बोल" हा मेसेजही संपर्काचा प्रयत्नच असतो.