मेंदूंतील अर्बुदाची चिकित्सा व कागदांची परीक्षा

आमच्या मंडळाचे एक जुने सभासद व पोथ्यांचे साक्षेपी संग्राहक गेल्या आषाढांत कागदांचें एक बाड घेऊन आमच्याकडे आले. एखादें दफ्तर हातीं लागलें असावें अशी आमची समजूत झाली. परंतु बाडांत निघालीं तीं वर्तमानपत्रांचीं कात्रणें, एका चिकित्सालयाची गुळगुळीत माहितीपुस्तिका व इंग्रजी वैद्यक नियतकालिकांतील कांहीं लेखांच्या प्रती. त्यांच्या पुतण्याच्या मेंदूंत अर्बुद असल्याचें निदान झालें होतें. "मास्तर, यांतलें अस्सल कोणतें व बनावट कोणतें, एवढें सांगा," असें ते म्हणाले. आम्ही वैद्य नव्हों. तथापि कागदाची परीक्षा हा आमचा व वाचकांचा नित्याचा उद्योग असल्यामुळें, त्या निमित्तानें जें पाहण्यांत आलें तें येथें मांडतों.

अर्बुद हा शब्द सुश्रुताच्या निदानस्थानांतला. कवटी उघडून मेंदूंतील अर्बुद काढण्याचा इतिहास मात्र सुमारें दीडशें वर्षांचाच आहे, आणि त्याच्या आरंभींच साधनपरीक्षेचें एक उत्कृष्ट उदाहरण सांपडतें. ता. २५ नोव्हेंबर १८८४ रोजीं लंडन येथें रिकमन गॉडली या शस्त्रवैद्यानें २५ वर्षांच्या एका स्कॉटिश शेतकऱ्याच्या मेंदूंतून अक्रोडाएवढें अर्बुद काढलें. बाहेरून कांहींच दिसत नव्हतें. झटके व डाव्या हाताची दुर्बलता यांवरून ह्यूझ बेनेट या वैद्यानें जागा आधींच ठरविली होती. त्यास डेव्हिड फेरिअर यानें माकडांवर केलेल्या प्रयोगांचा आधार होता. त्याच प्रयोगांबद्दल १८८१ सालीं फेरिअरवर फिर्याद झाली होती व ती टिकली नव्हती. प्राणिप्रयोगांचा हा वाद ध्यानांत ठेवल्याशिवाय पुढील कागदांचा रोख कळावयाचा नाहीं.

या प्रसंगाचे तीन समकालीन कागद छापील उपलब्ध आहेत. पहिला, ता. १६ डिसेंबरच्या 'टाइम्स' पत्रांतील; खालीं सही केवळ 'एफ्. आर्. एस्.' अशी. लेखक जेम्स क्रिक्टन-ब्राउन हा असावा असें सामान्यतः मानितात, व तो प्रयोगांचा पक्षपाती होता. रोग्यास जीवदान मिळालें तें प्राणिप्रयोगांमुळें, हा पत्राचा मथितार्थ. दुसरा, ता. २० डिसेंबरच्या 'लॅन्सेट'मधील बेनेट व गॉडली यांचा प्राथमिक वृत्तांत. तिसरा, त्याच दोघांचा १८८५ सालचा सविस्तर वृत्तांत.

आतां मित्या पाहाव्या. शस्त्रक्रियेपासून २८ व्या दिवशीं, म्हणजे ता. २३ डिसेंबरला, रोगी मेंदूच्या आवरणास दाह होऊन मरण पावला. म्हणजे पहिले दोन कागद छापले गेले तेव्हां तो जिवंत होता! कोणीं खोटें लिहिलें असें नव्हे, लवकर लिहिलें. लढाई चालू असतांनाच निघालेल्या विजयाच्या पत्रासारखी ही गोष्ट आहे. उलटपक्षीं, प्रयोगांच्या विरोधकांस मृत्यूचा दाखला मिळाला. परंतु जागेचें निदान अचूक होतें व शवपरीक्षेंत अर्बुद शिल्लक आढळलें नाहीं, या दोन गोष्टी मृत्यूनें खोट्या ठरत नाहींत. निर्णय करावयाचा तर तिसऱ्या कागदाशिवाय गत्यंतर नाहीं.

'पहिली शस्त्रक्रिया' हा मानहि वादग्रस्तच. ग्लासगो येथें विल्यम मॅकिवेन यानें १८७९ सालींच एका मुलीच्या मेंदूच्या आवरणावरील अर्बुद काढलें होतें, व ती पुढें ८ वर्षें जगली. तिचा वृत्तांत स्थानिक मासिकांत पडून राहिला. गाजलेला कागद व महत्त्वाचा कागद एकच असतो असें नाहीं, हें संग्राहकांस सांगावयास नकोच.

याहून सूक्ष्म दोष अलीकडच्या काळांतला आहे. किरणोत्सर्गी कण अर्बुदांतच पेरण्याची एक पद्धति १९८० नंतरच्या दशकांत नांवारूपास आली. ज्यांवर ती केली ते रोगी इतरांहून अधिक जगल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. पण ही क्रिया लहान अर्बुद व बरी प्रकृति असलेल्यांवरच करीत. १९९२ सालीं कॅनडांतील एका गटानें, ज्यांना ही चिकित्सा दिलीच नव्हती अशांचीच नोंद चाळली. तेव्हां तिला 'पात्र' ठरले असते ते रोगी अपात्रांच्या दुपटीहून अधिक काळ जगल्याचें आढळलें. वाळवीच्या तोंडून वांचलेल्या पोथ्याच मोजून मूळ ग्रंथालयाची कल्पना करावी, तसा हा प्रकार. पुढें टोरांटो येथें १४० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. १९९८ साली निकाल प्रसिद्ध झाला : कण पेरलेले १३·८ महिने, न पेरलेले १३·२. फरक नाहींच म्हणावयाचा.

चरकानें सूत्रस्थानांत रज व तम यांपासून मुक्त अशा पुरुषास आप्त म्हटलें आहे. असा पुरुष दुर्मिळ. म्हणूनच चिठ्ठी टाकण्याची युक्ति निघाली असावी. तसेंच २००४ सालीं प्रमुख वैद्यक नियतकालिकांच्या संपादकांनीं ठरविलें कीं, आरंभींच सार्वजनिक नोंद न झालेल्या चांचणीचा निकाल छापावयाचा नाहीं. प्रतिकूल निकाल गिळून टाकण्यास त्यामुळें अडचण पडते. आपल्या देशांत अशी नोंदवही २००७ पासून असून ती कोणासहि पाहतां येते.

मित्राच्या बाडांतील पुस्तिकेंत बरे झालेल्यांचीं वर्णनें होतीं. एकंदर किती जणांस चिकित्सा दिली तो आंकडा नव्हता, आणि सालहि नव्हतें. उलट २००५ सालचा एक लेख आम्हीं बाजूस काढला. ग्लायोब्लास्टोमा या जातीच्या ५७३ रोग्यांची ती चांचणी. किरणोपचारास टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिली तेव्हां मध्यम आयुर्मर्यादा १२·१ महिन्यांवरून १४·६ झाली. दोन वर्षें जगणारे शेंकडा १०·४ होते ते २६·५ झाले. औषध करणाऱ्या कंपनीचें साहाय्य होतें. तें लेखांतच नमूद आहे, व गट चिठ्ठीनेंच पाडले होते.

"म्हणजे अडीच महिने," असें म्हणून आमचे मित्र बराच वेळ गप्प बसले. पुतण्याचें अर्बुद याच जातीचें कीं काय, हें त्याचा तुकडा काढून तपासल्याखेरीज ठरावयाचें नव्हतें. हें आम्हीं त्यांस सांगितलें. २००५ चा लेख व आणखी दोन कागद डॉक्टरांस दाखविण्यासाठीं ते घेऊन गेले. गुळगुळीत पुस्तिका आमच्या मेजावरच राहिली आहे.