शब्दवेध : स्फुरद
ग्रीक भाषेत ‘फोस’ म्हणजे प्रकाश आणि ‘फोरोस’ म्हणजे वाहणारा. या जोडीतून पहाटेच्या शुक्राला ‘फॉस्फोरस’ हे नाव मिळाले, १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटला सापडलेल्या, अंधारात चमकणाऱ्या मूलद्रव्याकडे ते गेले, आणि खोल समुद्रातील माकुलांच्या प्रकाश देणाऱ्या अवयवाचे ‘फोटोफोर’ हे नावही त्याच मुळांचे आहे. अरबी समुद्रातील जांभळ्या पाठीच्या मोठ्या माकुलाच्या पाठीवर असा अवयव असतो. तेथे मात्र फॉस्फरस जळत नसून ल्युसिफेरिन वर्गातील द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावते, आणि विलक्षण गोष्ट अशी की त्या लॅटिन नावाच्या मुळाशीही प्रकाशवाहकच आहे. मराठीने फॉस्फरससाठी ‘स्फुर्’, म्हणजे थरथरणे, झळकणे, या संस्कृत धातूवरून ‘स्फुरद’ हा सुरेख शब्द घेतला. आज पुण्याजवळच्या रहाटणीत गच्चीवरच्या कुंड्यांसाठी खत घेणाऱ्याला तो ‘नत्र, स्फुरद, पालाश’ या त्रयीत भेटतो.