'संमती' : एका शब्दाचे मराठीतील चरित्र

इ. स. १८९१ चा दहावा अधिनियम मराठी वाचकांस 'संमतिवयाचा कायदा' या नावाने परिचित आहे. त्या वादातील पक्षोपपक्ष, टिळक, रानडे, भांडारकर आणि तेलंग यांच्या भूमिका व 'केसरी'-'सुधारक' यांमधील झुंज यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; त्याची पुनरुक्ती येथे अभिप्रेत नाही. येथे विचार करावयाचा आहे तो केवळ त्या सामासिक नामातील पूर्वपदाचा. स्त्रीपुरुषसंबंधाच्या संदर्भात 'संमती' हा शब्द मराठीत रुळला तो प्रामुख्याने या कायद्याच्या निमित्ताने. आणि रुळताना त्याने जो अर्थ अंगीकारला, त्याचे परिणाम पुढील शंभर वर्षे टिकले.

संस्कृतात 'संमति' म्हणजे मतैक्य, मान्यता. सम् या उपसर्गाने सूचित होणारे सहभागित्व त्यात मूलतः आहे; दोन मने एका ठिकाणी येणे हा त्याचा गाभा. व्यवहाराच्या मराठीत मात्र या अर्थाचे काम निराळे शब्द करीत. खरेदीखतात वा करारनाम्यात लिहून देणारा 'राजीखुषीने' लिहून देई. सोयरिकीच्या बोलण्यात मुलीकडच्यांचा 'होकार' किंवा 'रुकार' येई. हा होकार मुलीचा नसे, घराचा असे. शेतजमिनीच्या विक्रीस विकणाऱ्याची राजीखुषी लागे व ती कागदावर नोंदली जाई. कन्येच्या दानात देणारा आणि घेणारा हे दोघेच कर्ते होते, आणि दानाच्या वस्तूस राजीखुषी विचारण्याची पद्धत कोणत्याही व्यवहारात नसते. भाषेच्या या जुन्या वाटणीत १८९१ साली नवा शब्द आला.

तो आला कसा, हे पाहण्याजोगे आहे. १८६० च्या दंडसंहितेने मुलीचे वय दहा वर्षांहून कमी असल्यास तिची संमती असो वा नसो, समागम हा गुन्हा ठरविला होता. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित बालिकेच्या मृत्यूचा खटला चालला. ती पतीच्या समागमाने दगावली होती. दहाची मर्यादा तिने ओलांडलेली असल्याने बलात्काराचा आरोप टिकण्यासारखा नव्हता, आणि पतीस अन्य कलमाखाली केवळ एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बेहरामजी मलबारी यांची चळवळ १८८४ पासून सुरू होतीच. १८९१ च्या जानेवारीत सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले, मार्चमध्ये ते संमत झाले, आणि दहाची मर्यादा बारा झाली.

या 'संमतिवया'ची रचना बारकाईने पाहिली म्हणजे नाव आणि वस्तू यांतील विसंगती ध्यानात येते. बारा वर्षांखालील पत्नीची संमती कायदा मानीत नव्हता, कारण ती अजाण. बारा वर्षांवरील पत्नीची संमती कायदा विचारीत नव्हता, कारण पतीस दंडसंहितेच्या ३७५ व्या कलमातील अपवादाचे संरक्षण होते. तेव्हा विवाहित स्त्रीच्या आयुष्यात तिच्या संमतीला अर्थ प्राप्त होईल असे वयच या संमतिवयाच्या कायद्यात नव्हते. आणि त्या काळच्या हिंदू समाजात बारा वर्षांची अविवाहित मुलगी किती घरांत सापडली असती? वाद झाला तो गर्भाधानसंस्कार, ऋतुप्राप्ती, धर्मशास्त्र आणि परकी सरकारचा अधिकार यांवर. टिळकांचा आक्षेप सुधारणेस नव्हता, सरकारी हस्तक्षेपास होता, असे पुष्कळदा सांगितले जाते, आणि १८९० मध्ये त्यांनी स्वतः मुलींच्या विवाहास सोळा वर्षांची मर्यादा सुचविली होती हे खरेच आहे. परंतु दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांत मुलीचे वय, शरीर, धर्म आणि वंश यांची चर्चा जितकी आहे, तितकी तिच्या इच्छेची नाही. संमतीवाचून संमतिवयाचा वाद झाला.

इच्छेची भाषा बोलणारी व्यक्ती त्याच दशकात मुंबईत होती. रखमाबाई यांचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. त्या सासरी कधीच गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या प्रस्थापनेचा दावा लावला. आपण अजाण असताना झालेल्या विवाहास आपली संमती नव्हती, म्हणून तो आपल्यावर बंधनकारक नाही, ही रखमाबाईंची भूमिका. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात प्रकरण परत आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा हुकूम दिला. कारावास पत्करण्याची तयारी रखमाबाईंनी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये वैद्यक शिकून सुरत व राजकोट येथे डॉक्टर म्हणून राहिल्या.

या दाव्यातील कायदेशीर कल्पना इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेली, हिंदू धर्मशास्त्रास अपरिचित. तिला लागू पडणारे मराठी क्रियापद मात्र घरोघरचे होते : 'नांदणे'. ते संस्कृत 'नन्द्' धातूपासून, म्हणजे आनंदित होण्यापासून, निघाले आहे. मराठीत त्याचा अर्थ स्त्रीने सासरी राहणे असा संकोचला. न्यायालयाने एका स्त्रीस आनंदित होण्याची आज्ञा केली व न झाल्यास तुरुंग सांगितला, असे व्युत्पत्तीच्या अंगाने म्हणता येते. पण व्युत्पत्तीवर इतका भार टाकणे शास्त्रास धरून नाही, हेही कबूल केले पाहिजे.

संमतीची चर्चा वयाकडून व्यक्तीकडे नेण्याचे श्रेय मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले, यावरून कर्व्यांच्या पुढे असण्याची कल्पना यावी. या कार्यामुळे विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी १९२५ मध्ये त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांचा विचार थोडक्यात असा : दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परांच्या इच्छेने, रोग आणि नको असलेली संतती हे दोन्ही अपाय टाळून केलेला समागम हा इतरांच्या विचारणेचा विषय नव्हे, आणि सुखावर स्त्रीचा अधिकार पुरुषाइतकाच आहे. म्हणजे इच्छा आणि आरोग्यरक्षण ही त्यांच्या मते एकाच जबाबदारीची दोन अंगे होती. आज ही दोन्ही तरुणांना दोन स्वतंत्र व्याख्यानांत, बहुधा दोन निराळ्या खात्यांकडून सांगितली जातात. कर्व्यांनी ती कधी वेगळी केली नाहीत.

त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. मासिकच लैंगिक आरोग्याचे असेल, तर वाचक दुसरे काय विचारणार, अशा आशयाचा बचाव मान्य झाला नाही आणि कर्व्यांना दंड झाला. हे प्रश्न सामान्य वाचकांचे होते, हे विसरता कामा नये. विचारण्यास दुसरी जागा नव्हती म्हणून ते छापखान्यापर्यंत गेले.

कर्व्यांची अडचण भाषेचीही होती. त्यांच्या एका आरंभीच्या पुस्तकाचे नाव 'गुप्त रोगांपासून बचाव'. रोग गुप्त नसतो. त्याची लक्षणे दिसतात, तो संसर्गाने पसरतो, त्यावर उपाय असतात. गुप्त ठेवला जातो तो रोगी. तरीही रूढ शब्द टाळणे कर्व्यांसारख्या निर्भीड लेखकासही शक्य झाले नाही. पुढे 'लैंगिक' हे विशेषण रुळले. वैशेषिक दर्शनात 'लैंगिक' ज्ञान म्हणजे लिंगावरून, अर्थात खुणेवरून, होणारे अनुमान. त्या अर्थाचा आता मागमूस उरलेला नाही. सरकारी कुटुंबनियोजनाने १९६८ च्या सुमारास स्वस्त साधन गावोगाव पोहोचविले आणि त्यास नाव दिले 'निरोध'. योगशास्त्रात मनाच्या वृत्तींना आवर घालणे असा ज्याचा अर्थ, तो शब्द पानपट्टीच्या दुकानात विक्रीस आला. ती योजना लोकसंख्येची होती. रोगापासून रक्षण हा त्याच साधनाचा गुण सरकारी भाषेत ठळक झाला तो १९८६ साली भारतात एच.आय.व्ही.चा शोध लागल्यानंतरच. दोघांपैकी वापराचा आग्रह कोणी धरावा आणि नकार कोणी द्यावा, हे भिंतीवरच्या लाल त्रिकोणाने कधी सांगितले नाही.

संमतीच्या अर्थाचा खरा कस लागला तो १९७२ साली. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. (तिचे नाव खटल्याला चिकटून राहिले, येथे त्याची आवश्यकता नाही.) सत्र न्यायालयाने आरोपी सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांस दोषी ठरविताना एक मार्मिक भेद केला : भीतीने निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद या प्रकरणी नाकारला. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणून संमती. मौन हे संमतीचे लक्षण, ही रूढ उक्ती सर्वोच्च पातळीवर प्रमाण ठरली. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांस लिहिलेल्या अनावृत पत्राने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

येथे मराठी शब्दानेही गैरसमजास हातभार लावला असावा. कलमाची व्याख्या इच्छेविरुद्ध आणि संमतीवाचून या दोन शब्दप्रयोगांवर उभी आहे. 'बलात्कार' हा शब्द मात्र करणाऱ्याच्या बलावर उभा आहे. त्यात बळ आहे, इच्छा नाही. बळाचा पुरावा नसेल तर गुन्हा घडलाच नाही, ही लोकसमजूत शब्दातच अंतर्भूत आहे.

उलट, ज्या अर्थासाठी कायद्याला दीडशे वर्षे लागली, त्यासाठी मराठीजवळ एक लहानसा शब्द पूर्वापार आहे. 'नाही' वस्तुस्थिती नाकारते. 'नको' इच्छा नाकारते. हिंदीत हे काम स्वतंत्र शब्द करीत नाही. दखनीने तर हा शब्द मराठीतूनच उचलला. शिवाय 'करू नको' या रूपात तोच निषेधार्थक आज्ञार्थ होतो. अनिच्छा आणि मनाई यांसाठी एकच शब्द आहे. महाविद्यालयांच्या अंतर्गत तक्रार समित्यांपुढे 'ती स्पष्ट नाही म्हणाली नाही' असा बचाव मांडला गेला, तर मराठी भाषकाने 'बघू', 'आज नको', 'उशीर झालाय' यांना नकार म्हणून ओळखण्यास व्याकरणाची अडचण नाही. रोजच्या बोलण्यात, जेवणाच्या आग्रहात, तो ते ओळखतोच. आग्रहाची चाल मात्र त्याच पंगतीतून शिकलेली असते, आणि तेथे 'नको' हा वाढण्याचा इशारा समजला जातो.

कायद्याच्या वयाची गोष्ट पुढे अशी झाली : १९२५ मध्ये विवाहाबाहेर चौदा आणि विवाहात तेरा, १९४९ मध्ये अनुक्रमे सोळा आणि पंधरा, २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने अठरा. संमतीची स्पष्ट व्याख्या प्रथम आली ती २०१३ च्या दुरुस्तीने : शब्दांनी, हावभावांनी वा अन्य प्रकारे व्यक्त केलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची मान्यता, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही. देसाईगंजच्या खटल्यात नागपूरला केलेला भेद सदतीस वर्षांनी संहितेत शिरला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहातील मर्यादाही अठरावर आणली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात ती व्याख्या जशीच्या तशी आहे, आणि तिच्याच खाली अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीस दिलेला, १८६० पासून चालत आलेला अपवादही आहे.